थंडीचं गाडगं

फार वर्षांमागची गोष्ट. महिना माघ, वार सोमवार, सूर्य कासराभर वर. जागा, राजाच्या नव्या तळ्याच्या कामावरची चौकी. त्या वेळी आणि त्या जागी दवंडीवाल्याने तीनदा डफ वाजवून सांगितलं, की राज्यातली थंडी आजपासून संपली आहे.

राज्य कुठलं आणि राजा कोण, ते विचारू नका. अशी राज्यं पुष्कळ झाली. मुलूख मात्र ध्यानात ठेवा. चहूकडे सपाट माळ, डोंगर नाही, झाडी नाही, वारा सुटला तर अडवायला काही नाही. त्या माळावर तळं खोदायला आलेली शंभरेक कुटुंबं पालांत राहत होती.

राजाच्या आजोबांनी एक चांगला नियम करून ठेवला होता. थंडी असेल तोवर कामकऱ्यांना सरकारी कोठीतून रोज शेकोटीपुरतं लाकूड मिळायचं. थंडी आहे की गेली यावरून भांडण नको, म्हणून एका गाडग्यात खोबरेल तेल भरून ठेवलेलं असे. सूर्य कासराभर वर आला की पहारेकरी त्यात डोकावायचा. तेल थिजलेलं असलं तर थंडी आहे. सलग तीन दिवस पातळ दिसलं तर थंडी गेली. मग दवंडी पिटायची आणि कोठीला कुलूप घालायचं.

त्या सोमवारी ऊन खरोखरच कडक होतं. माणसं घामाघूम झाली, पोरं उघडी हुंदडली, आणि दवंडी खोटी आहे असं कोणाच्याही मनात आलं नाही. एकट्या ठकूबाईने आभाळाकडे पाहून तोंड वाकडं केलं.

ठकूबाई पालांवरची सुईण. चाळीस वर्षं ती लोकांची पोरं जगात आणत होती, आणि माघातल्या एका दिवसाच्या उन्हावर विश्वास ठेवण्याइतकी ती नवखी नव्हती.

त्याच दुपारी येसू नावाच्या कामकरणीला मातीची पाटी उचलताना कळा सुरू झाल्या. सातवा महिना. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. रडली तीही मांजराच्या पिलासारखी. ठकूबाईने तिला कापसात गुंडाळलं आणि येसूला सांगितलं की पोरगी धड आहे, फक्त घाई करून आली आहे. आईच्या पोटात राहिलेली दोन महिन्यांची ऊब तिला आता बाहेर द्यायची. पालातली शेकोटी विझता कामा नये. एवढं केलं तर जगेल.

मंगळवारी वारा फिरला. आभाळ राखेसारखं झालं आणि उत्तरेकडून असा झोत सुरू झाला की पालांचे दोर कण्हू लागले. ठकूबाई पदर घट्ट खोचून चौकीला लागून असलेल्या कोठीवर गेली.

कोठावळा वाईट माणूस नव्हता. तो हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन नियमाच्या दगडाला पाठ टेकून बसला होता. आजोबांचा नियम त्या दगडावर कोरलेला होता आणि कोठावळ्याची ती रोजची जागा होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, हळहळला, आणि म्हणाला, "मावशी, मी काय करू? तेल पातळ आहे."

"तेल पातळ आहे, आणि तू कानटोपी घालून बसलायस," ठकूबाई म्हणाली.

त्याने कानटोपी आणखी खाली ओढली. कुलूप काही निघालं नाही.

त्या दिवशी पालांवरच्या माणसांनी आपल्या बांबूच्या पाट्या मोडून येसूच्या शेकोटीत घातल्या. कोणी फावड्याचा दांडा आणला, कोणी बाजेचा पाय. उद्या काम कशाने करायचं, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. माणसं अशीही असतात, हे चौकीत बसून दिसत नाही.

बुधवारी धुकं उतरलं. हातभर लांबचं दिसेना. ठकूबाईने पोरीला चोळायला म्हणून आपली तेलाची कुपी काढली आणि उपडी केली. थेंब पडला नाही. तेल दगड झालं होतं. ती कुपीकडे बघत राहिली. मग उठली, कुपी मुठीत धरली आणि तडक चौकीत शिरली. तिला जाताना पाहून हातातली कामं टाकून वीस-पंचवीस माणसं मागोमाग गेली.

आत कारभारी गादीवर बसले होते. तळ्याचं सगळं काम त्यांच्या हुकमाने चालायचं. त्यांच्या डोक्यावर, भिंतीतल्या खुंटीला, थंडीचं गाडगं टांगलेलं होतं. ठकूबाईने वर हात घालून ते काढलं आणि आत पाहिलं. तेल पाण्यासारखं पातळ. तिने आपली कुपी शेजारी धरली.

"दोन्ही खोबरेल," ती म्हणाली. "एक वितळलंय, एक थिजलंय. कुठलं खोटं?"

"तुझं," कारभारी म्हणाले. "भेसळीचं असेल. तुम्ही लोक काय काय मिसळता कुणाला ठाऊक."

गादीमागे उभे असलेले दोघे-तिघे हसले, पण ठकूबाई हसली नाही. तिने भिंतीला तळहात लावला. भिंत गरम होती. पलीकडे कारभाऱ्यांचं स्वयंपाकघर होतं आणि सकाळपासून पेटलेली चूल बरोबर त्या खुंटीच्या मागे होती.

तिने शेकोटीवर तापवून आपली कुपी रिकामी करून आणली, सर्वांसमोर तिच्यात सरकारी गाडग्यातलं तेल ओतलं आणि कुपी बाहेर नियमाच्या दगडावर ठेवली. मग ती खाली बसली. सगळेच बसले. कारभाऱ्यांनी पान लावलं, खाल्लं, दुसरं लावलं. तेल आधी धुरकट झालं, मग कडेने पांढरं, आणि दुसरं पान संपेपर्यंत कुपीत थिजून बसलं.

ठकूबाई कोठावळ्याकडे वळली. "तुला वाचता येतं. रोज पाठ टेकतोस त्या दगडावर काय लिहिलंय ते वाच बघू मोठ्याने."

कोठावळ्याने दगडावरची धूळ पुसली आणि वाचायला लागला. "गाडगं चौकीबाहेर, उघड्यावर..." तो तिथेच थांबला. पाच वर्षं तो त्या अक्षरांना टेकून बसला होता.

मग गाडगं आत कोणी आणलं, अशी विचारपूस झाली. पहारेकरी म्हणाला, मी नोकरीला आलो तेव्हा ते आतच होतं. कारभारी म्हणाले, ते आधीच्या कारभाऱ्यांचं काम. कोठावळ्याने ऐकलं होतं की कावळे तेलात चोची घालायचे म्हणून आणलं. कोणीतरी हळूच म्हणालं की पहाऱ्यावरच्या माणसाला गारठ्यात बाहेर जाऊन थंडी बघायचा कंटाळा आला असेल.

"ठीक आहे," कारभारी म्हणाले. "गाडगं बाहेर टांगा. पण एकदा फिरलेली दवंडी माझ्या मनाने मागे घेता येत नाही. तीन दिवस पातळ दिसलं तेव्हा फिरवली, तीन दिवस थिजलेलं दिसेल तेव्हा उलटी फिरवू. नियम दोन्हीकडून सारखा असतो. आजचा पहिला दिवस धरा."

"तेलाला तीन दिवस आहेत," ठकूबाई म्हणाली. "पोरीला नाहीत."

एवढं बोलून ती निघून गेली. कारभाऱ्यांना वाटलं, म्हातारी दमली.

दुपार कलायच्या आत ती परत आली. पुढे ती, मागे वाकत चालणारी येसू, आणि येसूच्या छातीशी कापसाचं बोचकं. पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. ठकूबाईने त्याला शांतपणे आठवण करून दिली की बाळंतिणीला आज तिसरा दिवस आहे. पहारेकरी चटका बसल्यासारखा बाजूला झाला. त्या मुलखात बाळंतिणीला दहा दिवस सोयर असे. तेवढे दिवस तिला, तिच्या बाळाला आणि तिच्या सुईणीला परक्या माणसाने शिवायचं नाही. हा रिवाज पालांवर आजवर जाचकच वाटत आला होता. त्या दिवशी तो पहिल्यांदा कामाला आला.

येसू भिंतीला टेकून बसली. ठकूबाईने लुगड्याची झोळी केली, रिकाम्या खुंटीला बांधली आणि पोरीला तिच्यात ठेवलं.

"हे काय चाललंय?" कारभारी उठून उभे राहिले.

"थंडी संपलीय ना?" ठकूबाई म्हणाली. "माळावर संपलेली नाही, आम्ही बघून आलो. ह्या भिंतीपाशी संपलीय. मग आम्ही इथेच राहतो."

कारभाऱ्यांनी हुकूम सोडले, पण तिघींना हात लावायला कोणी पुढे येईना. शेवटी त्यांनी स्वतःच गादी चार हात लांब ओढली, कारण सोयर त्यांनाही पाळावं लागत होतं.

गुरुवारी गारा पडल्या. लिंबाएवढ्या गारांनी निम्मी पालं फाडली. भिजलेली म्हातारी माणसं आणि लहान पोरं ठकूबाईने एकेक करून चौकीत आणली आणि येसूभोवती बसवली. एकदा येसूला टेकलं की तेही माणूस सोयरात गेलं. खोली भरत चालली तशी गादी आणखी चार हात सरकली. बाहेरच्या गाडग्यातलं तेल पक्कं थिजलेलं होतं. कारभाऱ्यांनी दुसरा दिवस धरला.

शुक्रवारी मात्र लख्ख ऊन पडलं. कासराभर दिवस येईस्तोवर गाडगं तापलं आणि तेल वितळलं. कारभारी स्वतः बाहेर जाऊन बघून आले, आणि आत येताना त्यांची चाल बदललेली होती. मोजणी मोडली. आता पुन्हा पहिल्यापासून तीन दिवस. त्यांनी सगळ्यांना घरी जायला सांगितलं, आणि खरं सांगायचं तर बरेच जण उठलेही. ऊन माणसाला फार लवकर विसराळू करतं. एका म्हाताऱ्याने ठकूबाईला समजावलं की आता पुरे, सरकारशी किती ताणायचं, थंडी गेली.

"आज गेलीय," ठकूबाई म्हणाली. "उद्या येते का बघू. तोवर झोळी सोडत नाही." ती पाय पसरून भिंतीला टेकली आणि पोरीचे तळवे चोळत राहिली. तळवे आता गुलाबी दिसायला लागले होते.

ती उठली नाही, म्हणून उठलेल्यांतले थोडे परत बसले.

शनिवारी पहाटे थंडी आली ती सगळ्या हिवाळ्याचं उट्टं काढत आली. ओल्या माळावरून वारा सुटला आणि उजाडताच लोंढेच्या लोंढे चौकीकडे लोटले. भिंतीपासून दारापर्यंत माणूस माणसाला खेटून बसलं. सरकत सरकत कारभाऱ्यांची गादी उंबऱ्यावर येऊन पोचली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. पाठीला वारा. त्यांनी शाल ओढली, दुसरी मागवली, पाय पोटाशी घेतले. शेवटी दात वाजायला लागले तेव्हा ते खेकसले, "अरे, ते दार लावा कोणीतरी. काय थंडी पडलीय!"

सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"काय पडलीय म्हणालात?" ठकूबाईने विचारलं.

कारभाऱ्यांनी शाल तोंडावर ओढली. कोठावळा मात्र उठला आणि कमरेचा जुडगा काढून दाराकडे निघाला.

"तीन दिवस झालेले नाहीत," कारभारी म्हणाले.

"मालक, दवंडी तुमच्या तोंडच्या शब्दावर फिरते," कोठावळा म्हणाला. "आत्ता तुमच्या तोंडून ऐकलं. इतक्या लोकांनी ऐकलं." आणि तो त्यांना ओलांडून बाहेर पडला.

कुलूप निघालं. दुपारपर्यंत पालापालांतून धूर दिसू लागला. ठकूबाईने खुंटीची झोळी सोडली ती येसूच्या पालात शेकोटी धगधगल्याची स्वतः खात्री केल्यावर.

पोरगी जगली. बाराव्या दिवशी तिचं बारसं झालं आणि तोवर ती इतक्या जोरात रडायला शिकली होती की पहारेकरी वैतागला. थंडीचं गाडगं बाभळीच्या खांबाला उघड्यावर लागलं, आणि त्यात डोकावायचं काम चौकीकडून काढून पालांत झोपणाऱ्यांकडे दिलं गेलं. त्या वर्षी लाकूड आणखी सोळा दिवस वाटावं लागलं.

तात्पर्य एवढंच: लोकांना थंडी किती वाजते हे ज्याला ठरवायचं आहे, त्याने आधी उबेतून उठून बाहेर यावं.

कुलूप निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ठकूबाईने चौकीसमोर उभं राहून आणखी एक प्रश्न विचारला होता. गाडगं आत आल्यापासूनच्या पाच माघांत, दवंडी फिरल्यानंतर, पालांत नऊ जीव गारठून गेले. चार तान्ही, पाच म्हातारी. नऊही जणांना शेवटची आंघोळ तिनेच घातली होती. ते कोणाच्या हुकमाने गेले, हे तिला हवं होतं. कारभाऱ्यांनी चौकशी करतो म्हटलं. तळं पुरं झालं, पाण्याने भरलं, राजे बदलले, कारभारी बदलले. त्या नऊ जणांबद्दल चौकीतून अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.