खारवेळच्या वाटेवरचा आडवा बांबू

खारवेळ नावाच्या गावी, समुद्राच्या अगदी कुशीत, एक भोळा गडी राहत असे. त्याचे नाव नवशा. देवाने त्याला घडवताना कपट घालायचे राहून गेले आणि त्या रिकाम्या जागेत दुसरे काय भरावे हे न सुचल्याने ती तशीच ठेवली. सांगितलेले काम नवशा अक्षरशः करी. न सांगितलेले काम त्याने जन्मात केले नव्हते.

त्याला लहानाचा मोठा केला चांगुणाआत्याने. ती मासळी विके. पन्नास वर्षे डोक्यावर पाटी वाहून तिचे दोन्ही गुडघे धरले होते. पूर्वी होड्या लागत तिथपासून डांबरी रस्त्यापर्यंत अर्धा कोस वाळू तुडवावी लागे. पुढे सुरूच्या बनातून वाट निघाली आणि मासळीचा टेम्पो थेट पाण्यापर्यंत येऊ लागला. त्या दिवसापासून आत्या सकाळी पहिला नमस्कार समुद्राला करी आणि दुसरा टेम्पोला.

पण वाट निघाली की तिच्यावरून सारेच येतात. शहरातल्या गाड्या वाळूत शिरू लागल्या. येताना त्या गाणी घेऊन येत आणि जाताना ताटल्या, बाटल्या, पिशव्या ठेवून जात. अखेर किनाऱ्याची देखरेख करणाऱ्या साहेबांचे पत्र आले. महिनाभरात कचरा हटला नाही आणि बाहेरच्या गाड्या थांबल्या नाहीत, तर वाट बंद. सर्वांना बंद. मासळीच्या टेम्पोलाही.

आत्याने ते ऐकले आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिली.

गाव देवळात जमले. राखणदार नेमायचे ठरले. होड्यांचे प्रमुख राघोजी तांडेल यांनी विचारले, सांगितले तेवढेच आणि तसेच करणारा माणूस गावात कोण आहे? सर्वांनी एकमुखाने नवशाचे नाव घेतले. तो गुण आहे, असे तेव्हा सर्वांनाच वाटले होते.

बनाच्या तोंडाशी एक आडवा बांबू बसवला. नवशाच्या हाती शिट्टी, झाडू आणि टोपली दिली. तांडेलांनी आज्ञा केली, “वाळूवर जे जे पडलेलं दिसेल ते ते उचल आणि खड्ड्यात टाक.”

पहिल्या दिवशी नवशा पहाटेच लागला. दुपारपर्यंत किनारा आरशासारखा झाला. वाळूवर काही म्हणता काही उरले नाही. कोळणींनी उन्हात पसरलेला पाच घरांचा जवळासुद्धा उरला नाही. नवशाने तो बारीक मासा दाणा न् दाणा वेचून खड्ड्यात टाकला होता आणि वर माती लोटून पाय आपटून दाबली होती.

बायका टोपल्या घेऊन आल्या आणि खड्ड्याभोवती उभ्या राहिल्या. त्या काय म्हणाल्या ते देवळात येणाऱ्या माणसाने लिहू नये. तांडेल धावत आले.

“अरे, उचलण्याआधी विचारावं, हे कोणाचं? मालक असेल तर हात लावायचा नाही. उलट कावळ्याकुत्र्यांपासून राखायचं.”

“चुकलं,” नवशा म्हणाला. “आता कळलं.”

दुसऱ्या दिवशी शहरातली एक मंडळी जेवायला आली. जेवली, हसली आणि उठली. मागे ताटल्या, बाटल्या, हाडे आणि अर्धे पातेले भात राहिला. नवशाने अदबीने विचारले, हे कोणाचे? त्यांना वाटले, गडी गमतीदार आहे. आमचेच, असे सांगून ते निघून गेले.

नवशाने काठी घेतली. जुने जाळे आणून त्या पसाऱ्यावर अंथरले. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. सूर्य मावळेपर्यंत त्याने एकाही कावळ्याला चोच लावू दिली नाही. एका भुकेल्या कुत्र्याला तर त्याने मालकाची परवानगी आणायला सांगितले. गावातली दोन माणसे झाडू घेऊन आली, त्यांनाही त्याने हाकलले.

तांडेल आले, कारण वास त्यांच्या घरापर्यंत आधीच पोहोचला होता. त्यांनी नवशाला समोर बसवले आणि शांतपणे समजावले. माणसे जाऊ लागली की त्यांनी वाळूवर ठेवलेली वस्तू उचलायची, ज्याची त्याच्या वाहनात ठेवायची आणि हात जोडून निरोप द्यायचा.

“चुकलं. आता कळलं.”

तिसऱ्या दिवशी तांडेलांचीच होडी किनाऱ्याला लागली. मासळी उतरली. भरती चढत होती, म्हणून तांडेलांनी होडीचा लोखंडी नांगर वाळूत रोवला आणि ते चहा प्यायला गेले. नवशाने पाहिले, तांडेलकाका वस्तू ठेवून चालले. एवढी जड, एवढी कामाची वस्तू. त्याने ती दोन्ही हातांनी उपसली, पदराने पुसावी तशी उपरण्याने पुसली, होडीत ठेवली आणि हात जोडले.

होडीने निरोप घेतला.

तांडेलांनी चहाचा पेला खाली ठेवून पाहिले, तेव्हा ती खडकांच्या पलीकडे अत्यंत शांतपणे एकटीच चालली होती. तिला परत आणायला चार माणसे, दुसरी होडी आणि तिसरा प्रहर लागला. तांडेल ओलेचिंब उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही.

“पाण्याजवळ जे उभं असेल ते बांधायचं, नवशा. सुरूच्या झाडाला. पक्क्या गाठीनं.”

“चुकलं. आता कळलं.”

चौथ्या दिवशी एक नवीकोरी गाडी वाळूवरून धावत आली आणि पाण्यापासून दहा हातांवर उभी राहिली. आतले कुटुंब लाटांत खेळायला गेले. नवशाचे मन कळवळले. एवढी सुंदर वस्तू आणि दोरी नाही. त्याने होडीचा दोर आणला, गाडीच्या मागच्या बाजूला गुंडाळला आणि सुरूच्या सर्वांत जुन्या झाडाला पक्की गाठ मारली. वारा सुटला तर असू दे म्हणून दुसरीही मारली.

संध्याकाळी कुटुंब गाडीत बसले आणि गाडी निघाली. गाडीचा मागचा पत्रा मात्र झाडापाशीच राहिला. नवशाने तो सोडवून, पुसून, धावत जाऊन मालकाच्या हाती दिला आणि म्हणाला, “गाठ सुटली नाही हं.”

त्या गृहस्थांनी त्याच दिवशी साहेबांकडे तक्रार केली. साहेबांचा निरोप आला, चार दिवसांनी स्वतः येऊन पाहतो. आत्याने निरोप ऐकला आणि जुनी चुंबळ, डोक्यावर पाटीखाली घ्यायची ती, पेटीतून काढून उन्हात टाकली. नवशाने ते पाहिले. तो तिच्यापाशी जाऊन बसला.

“आत्ये, वाट बंद नाही होऊ देणार मी. तुझ्या गळ्याची शपथ.”

“माझ्या गळ्याला सोड,” आत्या म्हणाली. “गुडघ्यांची घे. दुखतात ते.”

तांडेलांनी आता एकच नियम दिला. चाके असलेले काहीही बांबूपुढे सोडायचे नाही. माणसांनी उतरून चालत यावे. मासळीचा टेम्पो तेवढा सोडावा.

दोन दिवस तो नियम उत्तम चालला. शहरातल्या सतरा गाड्या बांबूबाहेर राहिल्या. माणसे चालत आली, कचरा पिशवीत घालून चालत गेली. किनारा असा उजळला की भल्या सकाळी जपाला तिथेच बसावे. आत्याने चुंबळ पुन्हा पेटीत ठेवली.

तिसरा दिवस ग्रामदेवाच्या समुद्रस्नानाचा होता. टाळमृदंगाचा गजर करीत, फुलांनी मढलेला देवाचा रथ बनाच्या तोंडाशी आला. लोक भजनात रंगले होते. नवशाने शिट्टी फुंकली. भजन थांबले. नवशाने रथाला एक प्रदक्षिणा घातली. सर्वांना वाटले, किती भाविक. तो चाके मोजत होता.

“चार आहेत,” तो म्हणाला. “हा मासळीचा टेम्पो नव्हे. देवाला उतरून चालत येऊ द्या.”

गुरवांनी समजावले की देव मूर्तीच्या रूपात आहे. नवशाने सांगितले की कोणत्याही रूपात असला तरी नियम एकच. शेवटी गुरवांनी देव स्वतःच्या छातीशी घेतला आणि होड्यांच्या टोकापर्यंत अर्धा कोस वाळूतून नेला. परत आले तेव्हा त्यांच्या अंगातून घामाच्या धारा वाहत होत्या आणि देव एकटाच प्रसन्न दिसत होता.

गुरवांनी नवशाला जवळ बसवून उपदेश केला. “बाळा, मोठ्यांना अडवायचं नसतं. आधी बांबू उचलायचा. मग वाकून नमस्कार करायचा. मग विचारायचं, काय आज्ञा? आणि होईल ती आज्ञा तंतोतंत पाळायची.”

“चुकलं. आता कळलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची जीप आली. मोठी, पांढरी, वर दिवा लावलेली. नवशाने ओळखले, हे मोठे. त्याने आधी बांबू उचलला, मग वाकून नमस्कार केला. जीप वाट सोडून वाळूत शिरली आणि थेट पाण्याच्या कडेला जाऊन थांबली. नवशा मागोमाग धावला.

साहेबांनी किनारा पाहिला. एक कागदाचा कपटा दिसेना. त्यांचा चेहरा खुलू लागला. तांडेलांनी श्वास सोडला. आत्याने मनात नामस्मरण सुरू केले. एवढ्यात साहेबांची नजर वाळूवर गेली.

“चाकांच्या या खुणा कोणाच्या?”

“आपल्याच, साहेब,” नवशा म्हणाला. “अजून ओल्या आहेत.”

कोणीतरी हसले. साहेबांचा चेहरा मिटला.

“काय आज्ञा?” नवशाने विचारले.

“आज्ञा ही,” साहेब म्हणाले. “आत्तापासून एकही गाडी या बांबूच्या इकडून तिकडे जाणार नाही. कोणाचीही असो. कोणी माझं नाव सांगितलं तरी उचलायचा नाही. माझ्या सहीशिक्क्याचा कागद असेल तरच.”

नवशा धावत गेला, बांबू आडवा केला आणि त्यावर बसला. आत्या मात्र जिथे उभी होती तिथेच खाली बसली. तिचे नामस्मरण मधेच तुटले.

साहेब जीपमध्ये बसले आणि परत निघाले. बांबूपाशी जीप थांबली.

“उचल.”

“कागद, साहेब?”

“अरे, मीच साहेब.”

“तेच म्हणतो. साहेबांचं नाव सांगून कोणी आलं तरी उचलू नको, असं साहेबांनी सांगितलंय.”

साहेबांनी रागावून पाहिले, हसून पाहिले, सोबतच्या शिपायाकडून ओरडवून पाहिले. सुरूचे बन दाट, बाहेर पडायची वाट एकच. मागे भरती चढत होती आणि पाणी बनाच्या मुळांशी खेळू लागले होते. शेवटी त्यांनी कागद काढला. पण लेखणी अडली. गाड्यांना बंदी करून घटका झाली नाही, आणि पहिली सवलत स्वतःच्याच जीपला? ते वरच्या कचेरीत कसे दिसेल?

तांडेल नम्रपणे पुढे झाले. “साहेब, मासळीच्या गाडीला मोकळीक, असं लिहावं. त्यातच आपलीही निघेल. शोभेलही.”

पाणी मागच्या चाकांना लागले. साहेबांनी लिहिले. ‘मासळी घेऊन जाणाऱ्या गाडीस येथून जाऊ द्यावे. मासळी नसलेल्या गाडीस जाऊ देऊ नये.’ खाली सही केली. शिक्का मारला.

नवशाने कागद बोट ठेवून दोनदा वाचला. मग जीपमध्ये डोकावला. आसनांखालीही पाहिले.

“मासळी दिसत नाही, साहेब.”

आत्या उठली. गुडघे विसरून उठली. तिने जवळच्या पाट्यांतली बांगडा मासळीची एक मागे ठेवली, दुसरी शिपायाच्या पायाशी. तिसरी, कोळंबीची, जागा नसल्याने साहेबांच्या मांडीवर आली. नवशाने बांबू उचलला आणि वाकून नमस्कार केला. जीप गेली. वाटेवर मासळीच्या पाण्याची एक बारीक रेघ बराच वेळ चमकत होती.

गाव नाचले. वाट वाचली होती, आणि तीही सहीशिक्क्यानिशी. आत्याने नवशाच्या गालांवरून हात फिरवून बोटे कडाकडा मोडली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते.

इतक्यात बर्फ घेऊन मासळीचा टेम्पो आला. नवशाने शिट्टी फुंकली आणि आत डोकावला.

“मासळी?”

“ती आणायलाच चाललोय,” चालक म्हणाला.

नवशाने कागद वाचून दाखवला. चालकाने सांगितले, येताना गाडी रिकामीच असते. नवशाने कागद पुन्हा वाचून दाखवला. तांडेलांनी समजावले. गुरवांनी शास्त्र सांगितले. साहेब तीन कोस दूर गेले होते. ऊन चढत होते, बर्फ वितळत होता, आणि नवशा बांबूवर कागद छातीशी धरून बसला होता.

अखेर आत्याने पेटीतून चुंबळ काढून आणली. तिने पाटी डोक्यावर घेतली. तिच्यामागे बावीस बायकांनी घेतल्या. होड्या लागतात त्या टोकापासून अर्धा कोस वाळू तुडवीत, वाटेत चार वेळा टेकत, आत्या बांबूपाशी आली आणि मासळी टेम्पोत भरली. टेम्पो काठोकाठ भरला.

नवशाने आत डोकावून खात्री केली, बांबू उचलला आणि भरलेला टेम्पो मोठ्या आदराने रिकाम्या किनाऱ्याकडे सोडला. मग वाळूवर पाय पसरून बसलेल्या आत्याजवळ गेला आणि तिचे गुडघे हळूहळू चेपू लागला.

“आता बघ, आत्ये,” तो म्हणाला, “आजपासून तुला डोक्यावर काही वाहायला नको. टेम्पो थेट पाण्यापर्यंत जातो.”