शिळा रिव्हेट

विमानं हातानं ठोकून जोडायचे, तेव्हाची गोष्ट. भट्टीत तापवून पाण्यात बुडवलेले थोडं तांबं मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, बर्फाच्या पेटीत एकमेकांना बिलगून मऊ पडलेले असायचे. बाहेरच्या उबेत त्यांच्या अंगातलं तांबं कणाकणानं गोळा व्हायचं आणि अंग आपोआप कडक व्हायचं. म्हणून फिटर केरबाअण्णा लागतील तेवढेच रिव्हेट काढायचे आणि लगेच ठोकायचे.

एक रिव्हेट हातोडीला भ्यायला. "आधी कडक होतो, मग मार लागणार नाही," म्हणत तो अण्णांच्या बोटांतून निसटला आणि पत्र्याआड लपला.

सकाळी तो कडक होऊन ऐटीत अण्णांच्या ताटलीत येऊन बसला. अण्णांनी त्याला पंखाच्या शेवटच्या भोकात घालून हातोडी मारली, तसं त्याचं टोक तडकलं.

"अरेरे, शिळा निघाला की!" अण्णांनी तो काढून टाकला आणि पेटीतला मऊ रिव्हेट तिथं बसवला.

ते विमान आता एका बागेत उभं आहे. थंडीत पंख गार पडला की म्हाताऱ्या रिव्हेटांना पेटीतले दिवस आठवतात.

"किती मऊ होतो रे आपण!" एक जण म्हणतो.

सगळे हसतात. शेवटच्या भोकातला मात्र हळूच म्हणतो, "ही जागा त्याची होती."