दारातली रिकामी कळशी

"सगळं पुसून जुनी प्रत चढवू का, बुवा?"

मिहीर टेकडी चढून आला तो हेच विचारत. अच्युतबुवा मठात यायच्या आधी कंपनीत होते, तेव्हाचा हा त्यांचा चेला. बूटसुद्धा न काढता बसला. मी मठातली भाकऱ्या थापणारी, माझ्याकडं कशाला बघतोय.

ज्या पोरांना सारखं रक्त चढवावं लागतं, त्यांची नावं याच्या कॉम्प्युटरात. सकाळी तक्ता उघडला तर कोरा. जुनी प्रत होती, पण नंतर आलेली पोरं तिच्यात नव्हती. पुसलं असतं तर ती गेलीच.

"दुसऱ्या कुणाला दिसतायत का नावं?"

"विचारायला कुणी नाही, बुवा. मी एकटाच बघतो सगळं."

बुवांनी रिकामा तांब्या त्याच्या हातात दिला.

मग म्हणाले, "कळशीतून पाणी आण जरा."

गेला तसा परत आला. म्हणाला, कळशी रिकामी आहे.

घासलेली कळशी पहिल्या खोलीच्या दारातच उपडी होती. भरलेली आतल्या खोलीत, दिसायला अगदी तशीच. मला सांगता आलं असतं. मी पदर तोंडाला लावला.

"किती खोल्या बघितल्यास?"

"…पहिलीच."

त्याचा चेहरा उतरला. घाईघाईनं लॅपटॉप उघडला.

मला कळलं ते एवढंच. कुणाचा हात लागायला नको म्हणून यानं कॉम्प्युटरात स्वतःच्या नावाची वेगळी खोली केली होती. काल तिथं त्याच नावाचा कोरा तक्ता मांडला, सरावाला. मशीन आधी हाक मारणाऱ्याच्या खोलीत डोकावतं. तिथं त्या नावाचं काही सापडलं की तिथूनच माघारी. पोरांचा खरा तक्ता सगळ्यांच्या सामायिक जागेत, म्हणजे चावडीत; तिथं जातच नाही.

यानं तक्त्याच्या नावाआधी चावडीचं नाव लिहिलं. एकेक पोर वर आलं. हा ओठातल्या ओठात नावं वाचत बसला…

मी म्हटलं, बूट काढ आता, जेवायला बस. काढले बिचाऱ्यानं.

"माझी खोली पाडून टाकू, बुवा?"

"राहू दे. आधी चावडीत जायला सांग मशीनला. मग तुझ्या खोलीत."

मला कुठलं राहवतंय. म्हटलं, "आणि बुवा, तुम्ही हो? इथं आल्यापासून आपली खोली सोडून एकदा तरी खाली गावच्या चावडीवर उतरलात का?"

बुवांनी दारातली कळशी उचलली. आत बघितलं…

"म्हणून तर सांगतोय, ठकूबाई."