उघड्या पाठीचा कंद

डोंगरांनाही आपलं वय आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, बर्फाळ राज्यातल्या एका गावात एका तरुण आईची झोप उडाली होती. 'जिथे साधं फूल जगत नाही, तिथे माझी लेक कशी वाढणार?' हा घोर रोज तिच्या उशाशी येऊन बसायचा.

तिचं माहेर खाली, उबदार खोऱ्यात. तिथे दारोदार आयरिसची जांभळी फुलं. तिनं तिथून त्याचे कंद मागवले, दिसायला अगदी आल्याच्या गड्ड्यांसारखे, आणि मनाशी ठरवलं, पुढच्या उन्हाळ्यात एक तरी फुललं तर राहायचं. नाहीतर व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर लेकीला घेऊन माहेरी. कायमचं.

थंडी पडायच्या आधी तिनं कंद लावायला घेतले. गावात सलगमचे गड्डे हिवाळाभर खाण्यासाठी खोल खड्ड्यात पुरून ठेवत. तिनं कंदही तसेच कोपरभर खोल पुरले, वर गवत अंथरलं, गवतावर पुन्हा माती. शेवटच्या कंदापाशी मात्र हातातला जोर संपला. तो तिनं उतारावरच्या धोंड्यालगत नुसता टेकवला, मुळांवर थोडी माती लोटली आणि "कसली आई मी!" म्हणत घरात आली.

बर्फ वितळलं. तिनं उकरून पाहिलं, तर खोल पुरलेले सगळे कंद ओलीनं कुजून चिखल झालेले. धोंड्यालगतच्या कंदाची पाठ तेवढी उन्हात कोरडी राहिली होती, आणि त्याला हिरवी पाती फुटली होती.

मग तिनं काय करावं? घमेलंभर माती आणली!

सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "घाल गं बाई, घाल. बाकीच्यांना घातलीस, हा एकटाच का उपाशी?"

"अहो, पण पहाटे अजून दव गोठतं. आणि हा असा उघडा!"

"मी कुठे काय म्हणाले?"

घमेलं हातातच राहिलं. ती एकदा चिखलाकडे बघे, एकदा पात्यांकडे. शेवटी तिनं माती बाजूला ओतली आणि हात पदरात गुंडाळून बसली. इतकं अवघड काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं.

तांडा निघायचा दिवस उजाडला. गाठोडं बांधून झालं. लेकीला घेऊन ती शेवटचं बघायला उतारावर गेली, आणि तिथे बर्फगार वाऱ्यात जांभळं फूल ताठ उभं होतं!

"सासूबाई! अहो, या, बघा!"

तिची हाक ऐकून तांडा थांबला, सगळा गाव उतार चढून आला. सासूबाईंनी फूल डोळे भरून पाहिलं. "आता ते गाठोडं सोड," त्या म्हणाल्या. "माझी दुलईसुद्धा बांधलीस त्यात."

तांडा तिच्याशिवाय गेला. आई लेकीला म्हणाली, "बघ, ह्याला मोकळं सोडलं म्हणून फुललं."

लहानथोरहो, वाढणाऱ्या जिवाला जेवढी माया लागते, तेवढंच मोकळं ऊनही लागतं.

लेक म्हणाली, "मग आई, माझा हात सोड ना. दुखतोय."