उधाणाच्या दिवशीचं मतदान

सांगा, सांगा म्हणून कालपासून डोकं खाल्लंत. शिकलेली माणसं तुम्ही, आणि गोष्ट मी सांगायची! बसा तर मग.

एकदा एक वृद्ध गुरुजी खाडीकाठच्या मिठागरांच्या गावात राहत. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाचा कारभारी गावकरी दरवर्षी मतं टाकून निवडत. देवळातल्या घड्यात आपल्या पसंतीच्या माणसाच्या खुणेचा शिंपला टाकायचा. घडा सात दिवस ठेवलेला असे. ज्याला जेव्हा उसंत मिळे तेव्हा तो टाकी. अडलेला माणूस शेजाऱ्याच्या हाती पाठवी. शेवटचा शिंपला गुरुजींचा. तो पडेपर्यंत घडा झाकायचा नाही, ही रीत.

त्या वर्षी एका व्यापाऱ्याने पंचांना पटवलं, "सात दिवस कशाला? कोण कुणाचा शिंपला टाकतो, कुणास ठाऊक! पुनवेला, एकच दिवस, दुपारपर्यंत. ज्याने त्याने स्वतः यायचं." जुना कारभारी या व्यापाऱ्याचाच भाचा, आणि यंदाही तोच उभा. वर्षभर डागडुजी न करता त्याने बांध कुजवला होता.

गुरुजींच्या शिष्याला नियम आवडला. उजाडताच शिंपला टाकून आला नि म्हणाला, "ज्याला मत द्यायचंय तो वेळ काढतोच."

गुरुजींनी धोतर खोचलं आणि त्याला घेऊन थेट बांधावर गेले. पुनवेचं उधाण भर दुपारी येतं. खचलेल्या बांधावर सगळे मिठागरवाले पहाटेपासून चिखल थापत होते. गुरुजींनीही चिखलात हात घातले.

"तुम्ही इथं कशाला?" चांगुणा नावाची मजूर बाई ओरडली. "जा, मत टाका. आमचं मेलं राहू द्या!"

"तुझं झालं की माझं," गुरुजी म्हणाले. मग शिष्याकडे वळले, "अरे, बघतोस काय? पाटी उचल."

दुपार टळली. पंच आणि व्यापारी घामाघूम होऊन आले. "गुरुजी, घडा खोळंबलाय!"

"ओहोटी लागली की येतो. घाई असेल तर शेठ, तुम्ही उभे राहा माझ्या जागी. पाणी आत शिरलं तर पहिली वखार तुमचीच."

व्यापारी पाण्याकडे बघत दोन पावलं मागे सरला.

थोरला पंच पुटपुटला, "घडा उघडा राहिला, तर यांचेही शिंपले घ्यावे लागतील."

"घ्या की!" गुरुजी म्हणाले.

संध्याकाळी चिखलाने माखलेली रांग देवळात शिरली. गुरुजी सर्वांत शेवटी. मोजणीत भाचा पडला.

शिष्याच्या तळहातांना फोड आले होते. गुरुजी त्याला म्हणाले, "सकाळी तू कोरड्या पायांनी देवळात गेलास, कारण हा बांध यांनी धरून ठेवलाय. वेळ तू काढला नव्हतास. यांनी तो तुला दिला होता. ज्यांच्या कष्टांवर आपल्याला उसंत मिळते, त्यांना उसंत नाही म्हणून त्यांचं मत बुडवणं, हा कृतघ्नपणा आहे."

शिष्य उठला आणि चांगुणेच्या पाया पडला.

"अहो, पाय चिखलाचे आहेत!"

"म्हणूनच," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी घडा पुन्हा सात दिवस राहिला.

आमच्या कामगार सोसायटीने टपालाची मतं बंद केली, मतदानाचे दिवस कापले, तेव्हा पाळीवर अडकलेल्या आम्हा सगळ्यांना भर सभेत आळशी म्हणणारा दिगंबर खांबेटे अजून माफी मागायला आलेला नाही.