गेरूच्या एकवीस रेघा

"खोटं केलं तेव्हा साऱ्या गावाने मान डोलावली. खरं बोलले, तर एका मेल्याने मानलं नाही!" अशी एका बाईची तक्रार होती. आता ती बाई कोण, ते ऐका.

एका नदीच्या अल्याड ती खडी फोडायची. एकुलती लेक पल्याडच्या गावात दिलेली. नदी खोल, होडी नाही. घाटाने वळसा घालून जायचं तर दोन दिवस चालायचं. लेक रोज सांजेला पलीकडच्या खडकावर येऊन पदर हलवायची. ही हातोडा खाली टाकून इकडून हलवायची. पाण्याच्या आवाजात हाक पोचायची नाही. तेवढ्या पदरावर बाईचा दिवस निघायचा.

गावाने पूल बांधायला काढला, तेव्हा खडी हिच्याच हातची. जीभ तर विस्तव! मातकट वाळू दिसली की कडाडायची, "घाल ती तुझ्या चुलीत! माझी लेक येणार आहे ह्यावरून."

स्लॅब पडला. गवंडी दुसऱ्या कामावर निघाला. जाताना म्हणाला, "मावशी, सात दिवस, दिवसातून तीनदा पाणी मारायचं. उन्हाळा आहे, वर पसरलेलं गोणपाट सुकलं तर स्लॅब तडकेल. आणि दर खेपेला खांबावर गेरूची एक रेघ."

"मला शिकवतोस? तू रांगत होतास तेव्हापासून घमेली वाहतेय मी!"

पहिले तीन दिवस तिने पाणी मारलं, रेघा ओढल्या. पण दुसऱ्या सांजेला लेक खडकावर आली नाही. तिसऱ्या सांजेलाही नाही. दिवस भरत आलेली पोर! बाईला घास गिळेना. कुणाला सांगावं, तर जाऊ देणार नाहीत; आणि स्लॅब सुकेपर्यंत पुलाकडे दुसरं कुणी फिरकत नव्हतं. चौथ्या दिवशी उजाडताच तिने गेरू घेतला, उरलेल्या रेघा एका दमात ओढल्या आणि घाटाची वाट धरली.

लेक तापाने फणफणली होती. बाई उशाशी बसली, कपाळावर ओल्या घड्या ठेवत राहिली. ताप उतरला, तशी उलट पावली निघाली.

येऊन बघते, तर गोणपाट वाळून कडकडीत आणि स्लॅब ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलेला.

पंच जमले. खांबावरच्या रेघा मोजल्या. एकवीस! म्हणजे पाण्यात कसूर नाही. मग दोष गवंड्याचा.

बाई पुढे झाली. "चूक माझी. मी पाणी मारलं नाही. रेघा आधीच ओढल्या."

पाटील हसला. "तू? मूठभर मातीसाठी भांडणारी? गवंड्याची दया आली होय! गप बस. रेघा काय खोट्या बोलतील?"

"रेघांना तोंड आहे का? तोंड मला आहे, ते ऐका की!"

कुणी ऐकलं नाही. गवंड्याने थापी-ओळंबा पिशवीत भरला आणि मान खाली घालून गाव सोडलं. पूल पाडला. लेक बाळाला कडेवर घेऊन खडकावर यायची, त्याचा इवला हात हलवायची. बाई वर्षभर लांबूनच नातवाला बघत राहिली.

वर्षाने नवा स्लॅब टाकला. पाटील म्हणाला, "पहिला पूल बुडवणाऱ्या गवंड्याचं नाव ओल्या सिमेंटात कोरा. पुन्हा कुणी त्याला काम देणार नाही."

कोरलं. माणसं पांगली. पाणी मारायला बाई एकटी मागे राहिली. पहिली ह्या पुलावरून लेकच येणार, आणि तिला वाचता येतं, हे बाईला ठाऊक होतं. तरी तिने तळव्याने गवंड्याचं नाव पुसलं आणि चौथीपर्यंत गिरवलेल्या अक्षरांत दुसरं लिहिलं.

सकाळी सिमेंट घट्ट झालं होतं. मग मात्र गावाने मानलं. आपली नाचक्की आपल्या हाताने कोण कोरून ठेवतं? पाटील स्वतः जाऊन गवंड्याला घेऊन आला.

तात्पर्य: माया कितीही खरी असो, तिच्यापायी केलेलं खोटं दुसऱ्याच्या माथी जातं, ते आपणच उतरवून घ्यावं. पूल अजून उभा आहे. लेक नातवाला घेऊन आली, तेव्हा काठाशी वाकून तिने बोटाने वाचलेलं आईचं नाव होतं धुरपदा.