आवडाबायच्या होडीतली खुर्ची

खरं तर ही गोष्ट मी सांगायची नाही. होडी चालवणाऱ्यानंच ती सांगावी, असा आमच्या गावचा रिवाज आहे, आणि मला तर वल्हंही नीट धरता येत नाही. पण तुम्ही विचारलंत, आणि होडीवाले काका अजून पलीकडेच आहेत.

फार वर्षांपूर्वी आमच्या खाडीवर आवडाबाय होडी चालवायची. शाळा पलीकडच्या काठावर होती. आमच्या गावातून तिथं एकच मुलगा जायचा, गणू सुताराचा जानू. जानू शिकेल, साहेब होईल आणि गावाचं दैन्य फिटेल, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्याच्या मोठ्या परीक्षेच्या वर्षी गावाला निकालापर्यंतही दम निघाला नाही. गणूनं फणसाच्या लाकडाची, उंच पाठीची खुर्ची केली आणि देवळासमोर मांडली. येता-जाता माणसं तिला हात लावून पुढं जायची, असं म्हणतात.

जानू नापास झाला. बातमी गावात आली, पण जानू आला नाही. तो पलीकडच्या खडकावर बसून राहिला. आवडाबाय न्यायला गेली, तर म्हणाला, "त्या खुर्चीसमोरून मी घरी कसा जाऊ?"

ती तशीच परतली आणि खुर्ची उचलून होडीत ठेवू लागली. गणू आडवा आला.

"बाय, ती साहेबाची आहे."

"बसायलाच केलीस ना? मग बसू दे त्याला."

"नापास पोराला?"

"उभ्यानं कुणी होडीतून येतं का रे, दादा?"

ती खुर्ची घेऊन पुन्हा पलीकडे पोचली, तेव्हा ओहोटी लागायची वेळ झाली होती. ओहोटीत आमच्या खाडीचा नुसता चिखल होतो, त्यात होडी रुतली की रुतली. तरी जानू हलेना. आवडाबायनं त्याची समजूत घातली नाही. ती रिकाम्या खुर्चीशेजारी नुसती बसून राहिली. असं म्हणतात, त्या दिवशी पाणी उतरलंच नाही. खेकडे बिळात खोळंबले, बगळे काठावर ताटकळले आणि खाडी काठोकाठ भरून उभी राहिली. शेवटी त्या पाण्याचीच लाज वाटून जानू उठला आणि खुर्चीत बसला.

इकडे धक्क्यावर गाव जमलं होतं. गणूनं विचारलं, "एवढं शिकून याला मिळालं काय?"

"ते मला काय ठाऊक," आवडाबाय म्हणाली. "मी तिथीवरून भरती ओळखते. पण पाण्याला चंद्र ओढतो, हे यानं मला येताना सांगितलं. ऐकून बरं वाटलं."

जानूनं धक्क्यावर पाय ठेवला आणि मगच ओहोटी लागली, असं म्हणतात.

पुढं जानूची मुंबईत लाकडाची वखार झाली, असं काहीजण सांगतात. काही म्हणतात, तो जन्मभर इथंच रंधा मारत राहिला. आमच्या शाळेतल्या बाई म्हणतात, तो पुन्हा परीक्षेला बसला, पास झाला, पण श्रीमंत काही झाला नाही. मी सगळ्यांना विचारून पाहिलं. प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं.

अजूनही निकालाच्या दिवशी होडी खुर्ची घेऊन पलीकडे जाते. नापास झालेलं मूल खुर्चीत बसतं, पास झालेली खाली बसतात. त्याला कुणी काही विचारायचं नाही. शाळेत शिकलेली, आवडलेली एक गोष्ट त्यानं सांगायची आणि वल्हवणाऱ्यानं ती मन लावून ऐकायची. गेल्या वर्षी माझी चुलतबहीण सुलू खुर्चीत बसली होती. तिनं विचारलं, "काका, शिंपला मोठा कसा होतो, ठाऊक आहे?" काकांनी वल्हं थांबवलं. "नाही गं बाय, सांग." मग ती जी सांगत सुटली, ती धक्का आला तरी थांबेना, आणि होडीतून कुणी उतरेना, कारण आम्हाला सगळ्यांनाच—

"नमू, आटप गं. होडी घेऊन आलोय मी, पाणी उतरायला लागलंय."